रक्तपेढीचा फ्रिज आणि माझा पहिला वर्कफ्लो

रक्तपेढीतल्या फ्रिजचं तापमान वाढत होतं आणि माझा वर्कफ्लो गप्प बसला होता.

फ्रिज खरा नव्हता. मरोळच्या ऑफिसात बसून टेस्ट सिस्टिमवर मीच तो वाढलेला आकडा टाकला होता. पण घाटकोपरच्या ज्या हॉस्पिटलसाठी हे बनवत होते, तिथला फ्रिज खरा होता आणि त्यातल्या रक्ताच्या पिशव्याही खऱ्या. पुढच्या आठवड्यात हे काम लाइव्ह जायचं होतं.

मोठ्या संस्थेत काही बिघडलं की त्याची नोंद एका सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मवर होते. त्या नोंदीला आम्ही टिकिट म्हणतो. ते कोणाकडे जायचं, परवानगी कोणाची लागते, कोणी लक्षच दिलं नाही तर पुढे काय, हे सगळं आधीच आखून ठेवायचं. तो वर्कफ्लो. हेल्पडेस्कवर बसून मी कित्येक वर्षं टिकिटं हाताने पुढे ढकलली होती. आता ती आपोआप जातील असे रस्ते बांधायला शिकत होते. शिकवत होती ग्लोरिया. मरोळ गावठाणातली, वयाने माझ्याहून लहान आणि या कामात माझ्या खूप पुढे.

"ग्लोरिया, टिकिट बनलंय. पण पुढे काही होतच नाहीये."

"हिस्टरी उघड ना. अंदाज कसले करतेस?"

हिस्टरी म्हणजे वर्कफ्लोने काय काय केलं याचा तपशील. मी उघडली आणि बघतच राहिले. मी स्क्रीनवर मोजके चौकोन काढून बाणांनी जोडले होते, बस. त्यावरून त्या यंत्रणेने फ्रिज कोणत्या मजल्यावर आहे हे शोधलं होतं. त्याची देखभाल कोणाकडे, आज ड्युटी कोणाची, त्याला निरोप कुठे पाठवायचा, तेही शोधलं होतं. माझी पापणी लवायच्या आत यंत्रणा हॉस्पिटलभर फिरून आली होती. हेच शोधायला हेल्पडेस्कवर मला पाच ठिकाणी फोन करावे लागायचे.

"हे सगळं मी केलं?"

"तू नाही गं. तू फक्त रस्ता दाखवलास. आता कुठे थांबलंय ते बघ."

ते इंजिनिअरपाशी थांबलं होतं. निरोप गेला होता, आता तो 'स्वीकारलं' कधी म्हणतो याची वाट बघणं चालू होतं. आणि तो इंजिनिअर रजेवर होता. रजा एचआरच्या वेगळ्या सिस्टिममध्ये होती. तिथे विचार, असं मी कुठे सांगितलंच नव्हतं.

"किती वेळ थांबेल हे असं?"

"तू वेळमर्यादा दिलीच नाहीस. मग कायम थांबेल."

एवढी अफाट ताकद आणि वागणं इतकं आज्ञाधारक. फ्रिज तापत राहिला असता आणि हे शांतपणे वाट बघत राहिलं असतं.

आम्ही दोघींनी नवीन पायऱ्या घातल्या. आधी एचआरला विचारायचं, माणूस कामावर आहे का. मग टायमर. त्या वेळात उत्तर नाही आलं तर पुढचा इंजिनिअर, आणि त्याच वेळी रक्तपेढीत थेट फोन.

क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये हॉस्पिटलचे ॲडमिन ऑफिसर म्हणाले, "पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवण्याआधी माझं अप्रूव्हल पाहिजे."

रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. राणे शेजारीच बसल्या होत्या. "तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर?"

"तर बाहेर आल्यावर देईन."

"आणि तोवर मी पिशव्यांकडे बघत बसू?"

मी अप्रूव्हलची पायरी उचलून शेवटी टाकली. आधी पिशव्या हलतील, मग त्यांना कळवलं जाईल. ऑफिसर माझ्याकडे बघून म्हणाले, "चालेल. पण कळवा नक्की."

लाइव्ह गेल्यावर बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका दुपारी जेवून जागेवर आले तर ग्लोरिया माझ्या स्क्रीनसमोर उभी. "खरं टिकिट आलंय," ती म्हणाली.

फ्रिजच्या दाराचं रबर सुटलं होतं. ड्युटीवरचा इंजिनिअर ऑपरेशन थिएटरमध्ये दुसरं मशीन बघत होता, फोन बाहेर ठेवून. टायमर संपला. निरोप दुसऱ्या इंजिनिअरला गेला, रक्तपेढीत फोन वाजला. आम्ही काहीच करत नव्हतो. एकेक चौकोन हिरवा होत होता आणि प्रत्येक हिरव्या चौकोनामागे घाटकोपरमध्ये कोणीतरी उठून धावत होतं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. ग्लोरियासुद्धा, जिने असे कितीतरी वर्कफ्लो बनवले होते, स्क्रीनवरून नजर हलवत नव्हती.

शेवटचा चौकोन हिरवा झाला. थोड्या वेळाने डॉ. राणेंचा फोन आला.

"सगळ्या पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये गेल्या. एकही टाकावी लागली नाही. फोन करणाऱ्या त्या बाई कोण हो तुमच्याकडच्या?"

"मॅडम, तो रेकॉर्डेड आवाज आहे."

"असं? आमच्या टेक्निशियनने त्यांना थँक यू म्हटलं."

मी ते ग्लोरियाला सांगितलं. ती हसली आणि आपल्या जागेवर गेली.

त्यानंतर मी बरेच वर्कफ्लो बनवले. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा त्यांना सगळं नीट चालल्यावर काय होतं हे दाखवायची घाई असते. मी त्यांना आधी एकच विचारते, माणूस जागेवर नसेल तर? कारण यंत्रणा सांगाल तितकं अचूक करते. माणसं जेवायला जातात, रजेवर जातात, फोन बाहेर ठेवतात. त्यात त्यांची चूक नसते. वर्कफ्लो बनवताना तेवढं धरून चालायचं.