रामनाथकाका पायरी उतरतात

विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत कोणाला काही मोठं विकत घ्यायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. पैसे आणि रामनाथ शिवलकर. पैसे एक वेळ हप्त्यांवर भागतात, पण रामनाथकाका जातीने हजर लागतात.

काका एका कंपनीच्या स्टोअर खात्यातून निवृत्त झाले. तिथे आयुष्यभर दुसऱ्यांनी घेतलेला माल मोजला, त्यामुळे घासाघीस करायची भूक तशीच राहिली आणि ती सगळी आमच्या वाट्याला आली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इमारतीतले फ्रीज, शिलाई मशिनं, सुनांचे शालू आणि एकदा वरातीचा घोडासुद्धा त्यांच्या हाताखालून गेला. घोड्याचे त्यांनी दात बघितले. घोडेवाला म्हणाला, "साहेब, तासाभरासाठी नेताय ना?" काका म्हणाले, "मग तासाभराचे दात दाखव."

त्यांचं खरं शस्त्र म्हणजे पायरी उतरणं. भाव सांगितला की काका आपला भाव सांगणार, दुकानदार हसणार, आणि काका उठून चालायला लागणार. भाजीवाली सातव्या पावलाला हाक मारते, कापडवाला पायरीच्या खाली गेलं की, आणि सोनार कोपऱ्यापर्यंत जाऊ देतो, हा त्यांचा अभ्यास. मागे वळून बघायचं नाही, हा नियम. ही विद्या फसल्याचा एकच प्रसंग लतिकाकाकू सांगतात, आणि तो त्या दर दिवाळीला सांगतात. "आमच्या लग्नाच्या बैठकीत बँडचा खर्च कोणी करायचा यावरून हे उठून निघाले. बाबांनी हाकच मारली नाही. मग काय, चप्पल विसरली म्हणून आले आपले परत!"

तर या काकांकडे जानेवारीत हेमांगीताईंची उन्नती आली. उन्नती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं इमारतीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिने सत्तर हजार जमवले होते, आणि त्यातून तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता. तयार नाही, जुळवून. म्हणजे एकेक भाग निवडायचा आणि दुकानदाराकडून जोडून घ्यायचा. शाळेच्या वहीत तिने यादी केली होती, खोडून खोडून पानाला भोक पडलं होतं. रंगीत दिवेवाला बाहेरचा डबा खोडून साधा घेतला, त्यातून वाचले ते ग्राफिक्स कार्डाला लावले. हे कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग, आणि तिचा सगळा जीव त्याच्यात. बेरीज आली होती एकोणसत्तर हजार आठशे.

हेमांगीताईंची अट एकच. "रामनाथकाकांना घेऊन जा. ते 'घे' म्हणेपर्यंत एक रुपया काढायचा नाही."

मला पिशव्या धरायला घेतलं.

दुकान वसईत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मालक जॅक्सन, तिशीतला, जवळच्याच सांडोर गावचा. काकांनी बसल्या बसल्या त्याचं गाव काढून घेतलं. "सांडोर? अरे, तुमच्याकडची केळी मी विरारच्या बाजारात किती घेतली! तुझ्या घरचं कोणी बसायचं का तिथे?"

"आई बसायची, काका."

"मग ती ओळखेल मला. सातव्या पावलाला हाक मारायची."

जॅक्सनने हसून पाणी दिलं आणि उन्नतीच्या यादीप्रमाणे खोकी काढून ठेवली. आता काकांची पंचाईत अशी झाली की यातलं काय दाबायचं, काय हुंगायचं, तेच कळेना. माशाचा कल्ला उघडून बघता येतो, शालूचा धागा ओढता येतो. काकांनी डबा कलिंगडासारखा वाजवून बघितला. प्रोसेसर चष्मा काढून बघितला, चष्मा घालून बघितला आणि म्हणाले, "एवढाच?"

मग वीजपुरवठ्याचा ठोकळा हातात घेतला, वजन केलं आणि म्हणाले, "हा चांगला आहे. जड आहे."

जॅक्सन चकित झाला. "बरोबर काका! यात वजनदार असला तर बहुतेक वेळा माल चांगला असतो."

हे तो बोलला नसता तर फार बरं झालं असतं. काकांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सगळं दिसायला लागलं. सूत्र सापडलं होतं. त्यांनी एकेक वस्तू तळहातावर तोलायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्ड, "वा, वजन आहे, दिले पैसे." मदरबोर्ड, "ठीक." आणि मग आली रॅम. कंगव्याएवढी एक पट्टी, पापडापेक्षा हलकी.

"हिचे किती?"

"साडेतेरा हजार."

"किलोचे?"

"एकीचे, काका."

"नऊ देतो."

"काका, यात मला दोनशेसुद्धा सुटत नाहीत. जगात तुटवडा आहे, रॅमचा भाव सोन्यासारखा झालाय. दुपारी व्यापाऱ्याकडून नवीन भाव येतो. आत्ता घेतली तर याच भावात देतो, नंतरचं माझ्या हातात नाही."

"काका, घेऊ या," उन्नती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे ज्या मायेने बघितलं, त्या मायेने माणूस पोहायला न येणाऱ्याकडे बघतो. "बाळा, 'नंतरचं माझ्या हातात नाही' हे मी घोडेवाल्याकडूनही ऐकलंय. ऊठ."

आणि रामनाथकाका पायरी उतरले.

जिन्याला तेरा पायऱ्या होत्या. काका प्रत्येक पायरीवर थांबत होते, म्हणजे हाक पोचायला अडचण नको. मागे उन्नती, वही छातीशी धरून. हाक आली नाही. "पहिल्या मजल्यावरचा आहे," काका म्हणाले, "याची हाक फुटपाथवर येणार." फुटपाथवरही आली नाही. मग आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिलो. काका दुकानाकडे पाठ करून, कारण नियम. मला मात्र त्यांनी एका स्कूटरच्या आरशात बघायला लावलं.

"काय करतोय?"

"फोनवर बोलतोय."

"कासावीस दिसतोय?"

"हसतोय."

"वरवरचं आहे."

उन्नती म्हणाली, "काका, ते नाही बोलवणार. दुकानदार आता तसं करत नाहीत. मी वर जाऊन सांगते ना."

"पाच मिनिटं. इतकी वर्षं मी कोणाचं नुकसान केलंय का?"

केलं नव्हतं. तेच तर अवघड होतं. ज्या माणसाने आमच्या घरातला कुकरसुद्धा निवडला, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की काका, चला, हरलो?

आरशात शटर खाली येताना दिसलं. दीड वाजला होता. वसईचं दुकान, दुपारी बंद. जॅक्सन मोटरसायकलवर बसून सांडोरला जेवायला निघून गेला. जाताना त्याने आमच्याकडे बघून हातसुद्धा केला.

"नाटक आहे," काका म्हणाले. पण आवाज जरा बारीक झाला होता.

अडीच तास आम्ही त्या टपरीवर काढले. काकांनी चार चहा घेतले आणि एकाचाही भाव केला नाही. तेव्हाच मी ओळखलं की माणूस आतून हललाय. तीनच्या सुमारास त्यांनी उन्नतीला हळूच विचारलं, "तो रॅमचा भाव... खरंच वाढतो का गं?" तिने फोनवर काहीतरी उघडलं, बघितलं आणि फोन उलटा ठेवला. "बघू या, काका," म्हणाली.

चारला जॅक्सन आला. "अरे, तुम्ही इथेच? मला वाटलं घरी गेलात! सांगितलं असतंत तर सांडोरला जेवायलाच नेलं असतं."

वर गेलो. नवीन भाव आला होता. रॅम सोळा हजार दोनशे. साठवणीची एसएसडीही नऊशेने वर. जॅक्सनने फोन काकांसमोर धरला. तो बिचारा खरंच ओशाळला होता. "काका, तुम्ही गेलात तेव्हा दोनदा वाटलं हाक मारावी. पण हाक मारून सांगणार काय? माझ्याकडे कमी करायला काही नव्हतंच."

काकांनी खिशात हात घातला. उन्नतीने तो हात तिथेच धरला. "नाही काका. सत्तरच्या आतच करायचं ठरवलंय मी." तिने वही उघडली, भोक पडलेल्या पानावरच जागा शोधली, आणि ग्राफिक्स कार्ड खोडून त्याच्याहून एक पायरी खालचं, स्वस्तातलं लिहिलं.

"म्हणजे काय कमी होणार?" काकांनी विचारलं.

"काही नाही विशेष. गेम चालेल."

"पण कमी काय होणार?"

उन्नतीने वही मिटली. खोटं बोलायची तिला सवय नाही. "गवत हलणार नाही, काका. मोठ्या कार्डावर रानातलं गवत वाऱ्याने हलतं, सावल्या पडतात. याच्यावर ते बंद ठेवावं लागेल."

जॅक्सनने माऊसखाली घालायचा रबरी पॅड पिशवीत टाकला. "हा माझ्याकडून." मागायच्या आत दिलेली वस्तू काकांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा आली असावी. तो पॅड त्यांनी घरी येईपर्यंत मांडीवर धरला होता, पण त्यांना तो आवडलेला दिसला नाही.

रविवारी हेमांगीताईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. निम्मी इमारत जमली. "एवढं मोठं मशीन सत्तरच्या आत!" हेमांगीताई सगळ्यांना सांगत होत्या. "आणि वर पॅड फुकट. काका होते म्हणून हो. नाहीतर ही पोरगी गेली असती आणि सांगितला भाव देऊन आली असती."

"हो ना," उन्नती म्हणाली आणि पेढे फिरवायला लागली.

गेम सुरू झाला. डोंगर आले, नदी आली, पोरं ओरडली. लतिकाकाकू म्हणाल्या, "अगं बाई, अगदी आमच्या गावासारखं!" सगळे नदीकडे बघत होते. रामनाथकाका तेवढे वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे नदीकाठी भरपूर गवत होतं. हिरवंगार, कंबरेएवढं, आणि एकूण एक पातं खिळ्यासारखं उभं.

बराच वेळ बघून त्यांनी उन्नतीच्या कानाशी विचारलं, "आत्ता जरा हललं का गं?"

"नाही, काका."

"हं," काका म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा वाकले.