मटणाच्या आगबोटीचे वारसदार

फ्रिजचं दार उघडं टाकणाऱ्याला जन्मठेप झाली पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. जपानमधल्या ओजिमाच्या वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शुभदाचे वडील. आम्ही सगळे मुंबई-पुण्याहून तिथे कॉम्प्युटरच्या कामाला आलो होतो. काका रत्नागिरीहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि आल्या दिवसापासून वसाहतीतल्या सगळ्या फ्रिजांवर नजर ठेवू लागले. कुणाकडे चहाला गेले की आधी फ्रिजला कान लावायचे. "ऐकलंत? धाप लागलीय त्याला. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा." एकदा कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, एक गिऱ्हाईक आइस्क्रीमच्या पेटीचं झाकण उघडं धरून विचार करत उभं होतं. काकांनी पुढे होऊन झाकण लावलं आणि त्याला चक्क मराठीत समज दिली. त्याने वाकून माफी मागितली!

या सगळ्याच्या मुळाशी होती एक आगबोट. काकांचे आजोबा फार वर्षांपूर्वी गोठवलेलं मटण विलायतेला नेणाऱ्या बोटीवर तेलवाले होते. कोठाराच्या भिंतींत गारवा टिकावा म्हणून कोळशाची पूड ठासलेली, आत हजारो मेंढ्या दगडासारख्या गोठलेल्या आणि पलीकडे बॉयलर धगधगतोय. आजोबा घामाने निथळत यंत्राला तेल पाजायचे आणि तसेच घोंगडी पांघरून कोठाराचं थर्मामीटर बघायला जायचे. "आणि एवढ्या मटणातला एक तुकडा कधी त्यांच्या ताटात पडला नाही हो," हे सांगताना काकांना दर वेळी नव्याने राग यायचा.

ती बोट म्हातारी झाल्यावर ओसाकात मोडीत काढली होती. ती जागा बघायची, हा काकांचा एकच हट्ट. शुभदा म्हणायची, "बाबा, तिथे आता काय असणार?" शेवटी ऑफिसच्या कामाला मी ओसाकाला निघालो, तेव्हा काकांना आणि दुभाषी म्हणून त्यांची आठ वर्षांची नात ईरा हिला बरोबर घेतलं.

धक्क्यावर खरंच काही नव्हतं. नुसती गोदामं. काका कुंपणाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या शीतगृहाचा म्हातारा पहारेकरी जवळ आला आणि काय हवंय म्हणून विचारू लागला.

"आजोबा, काय सांगू?" ईराने विचारलं.

"काही नको म्हणावं. इथे एक बोट मोडली. माझे आजोबा तिच्यावर कामाला होते. एवढंच सांग."

ईराने बराच वेळ जपानीत सांगितलं. हातवारे करून मेंढ्यासुद्धा सांगितल्या. पहारेकऱ्याने हेल्मेट काढलं, समुद्राकडे तोंड करून कमरेत वाकला आणि काही क्षण तसाच राहिला. मग स्वतःचा जाड कोट काकांच्या अंगावर चढवून त्यांना शीतगृहात घेऊन गेला. पाच मिनिटांनी काका बाहेर आले ते लालबुंद नाकाने, हसत.

"आत आजोबांचं नाव मोठ्याने घेतलं," ते म्हणाले. "कुणीतरी घ्यायला हवं होतं."

पुढच्याच आठवड्यात ते रत्नागिरीला परतणार होते. ओसाकाहून परतताना गाडीत त्यांना गाढ झोप लागली. त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं. ईरा माझ्या मांडीवरून पलीकडे वाकली आणि आवाज न करता तिने खिडकीचा पडदा हळूहळू खाली ओढला.