परकराची नाडी आणि सिंगापूर

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगतोच म्हणा, कारण मी नाही सांगितलं तर आमची सुनंदा सांगेल, आणि ती तिखटमीठ लावते!

मी तेव्हा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. तेही सुरक्षा खात्यात! आगीपासून कसं वाचावं यावर भाषणं द्यायचो. नाशिकहून आमचा ग्रुप सिंगापूरला गेला, तर तिथेही माझी भाषणं चालूच. ग्रुपमधल्या पाटीलकाकांना तर रोज बजावायचो, 'पाटीलकाका, जिना कुठे आहे बघून ठेवा!' लोक वैतागले होते, पण मान द्यायचे हो!

शेवटच्या दिवशी सकाळी फिरायला निघालो आणि पावसानं असं झोडपलं, की बनियनपर्यंत ओलेचिंब. संध्याकाळी तर विमान!

"ओले कपडे बॅगेत भरायचे नाहीत," सुनंदानं खोलीत येताच बजावलं. "नव्या साड्यांना कुबट वास लागेल."

मग वाळवायचे कुठे? सुनंदानं परकराची जादा नाडी काढली. बाई कुठेही जावो, नाडी बरोबर असतेच! एक टोक मी पडद्याच्या दांड्याला बांधलं. दुसरं कुठे? छताजवळ भिंतीतून एक पितळी तोटी डोकावत होती. झकास!

"अहो, ते आगीचं पाणी सोडायचं आहे ना?"

"मला शिकवतेस? ते आगीच्या धगीनं फुटतं. बनियननं नाही!"

नाडीवर बनियन टाकला, तिचे दोन ड्रेस टाकले आणि वर माझी भिजून दगड झालेली जीन्स. बॅग पलंगावर उघडी ठेवली आणि ऐटीत जेवायला खाली गेलो.

पहिला घास घेतला आणि भोंगा वाजला! अख्खं हॉटेल रस्त्यावर. आणि मला काय चेव आला म्हणता!

"बघा! कुणीतरी खोलीत सिगारेट ओढली असणार. अशा माणसांना पासपोर्ट देतातच कशाला?"

पाटीलकाका मान डोलावत होते. सुनंदा मात्र वर आमच्या खोलीच्या खिडकीकडे टक लावून बघत होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी!

तेवढ्यात हॉटेलचा माणूस बाहेर आला, नखशिखान्त भिजलेला. हातात लाल नाडी. नाडीच्या एका टोकाला तुटलेली तोटी आणि मधोमध लोंबणारा माझा बनियन! त्यानं तो झेंड्यासारखा उंच धरला आणि इंग्रजीत विचारलं, हे कुणाचं?

मी आकाशाकडे बघायला लागलो. पाऊस केव्हाच थांबला होता, काय करणार?

"अगंबाई, माझी नाडी!" सुनंदा ओरडली. "आणि बनियन ह्यांचा!"

पाटीलकाकांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब," ते शांतपणे म्हणाले, "जिना तिकडे आहे."

उघड्या बॅगेतल्या साड्या, चॉकलेटं, सगळ्याचा लगदा झाला होता. मॅनेजरची माफी मागून मागून माझी जीभ दुखली. वर्षानुवर्षं पाइपात साचलेल्या त्या पाण्याच्या वासापुढे ओल्या कपड्यांचा वास म्हणजे अत्तर!

नाशिकला पोचलो. अंगणात दोरी बांधून सगळी बॅग वाळत घातली. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो, सिंगापूरला फार पाऊस होता का?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली,

"होता ना! ह्यांनीच पाडला."