सुलूवहिनींचा टब

घिवलीच्या सुलूवहिनींनी समुद्राकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, तेव्हा एकीच्या न्हाणीघरात टब बसवायचाच असा हट्ट धरला. पाडायला काढलेल्या कुठल्याशा बंगल्यातून तो टेम्पोत घालून आणला. पाहुण्यांच्या आधी अर्धा गाव तो बघून गेला.

पुढे त्या टबाचा नळ गळायला लागला. कितीही आवळला तरी टपटप चालूच. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सकाळी चहा घेताना सांगितलं, की समुद्राची गाज ऐकायला आलो होतो, ऐकला तो तुमचा नळ. वहिनींना ते फार लागलं. त्यांनी बोईसरच्या विनोद प्लंबरला फोन केला. तो निघालेला होता, उमरोळीपर्यंत पोचलाही होता. दुसऱ्या दिवशी केला, तेव्हाही तो उमरोळीतच होता.

वहिनींचे यजमान भगवंत यांनी मग स्वतःचा उपाय केला. नळाच्या तोंडाला जाळ्याची दोरी बांधून टबात सोडली. थेंब दोरीवरून गुपचूप उतरू लागले, आवाज गेला आणि भगवंत समाधानाने ओट्यावर जाऊन बसले. पण टबात लोंबणारी ती दोरी वहिनींना बघवेना.

"एवढी मासली साफ केली मी," त्या म्हणाल्या, "एक नळ नाय उघडता येनार?"

त्यांनी स्लॅबवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. सुरीच्या टोकाने नळाच्या मुठींवरची लाल-निळी टोपणं उचकटली, आतले स्क्रू काढले आणि होडीच्या इंजिनाचा पाना लावून दोन्ही स्पिंडल, म्हणजे पाणी अडवणारे आतले दांडे, फिरवून बाहेर काढले. टोकाचं रबर जुन्या चपलेच्या टाचेसारखं झिजलं होतं. दोन्ही स्पिंडल रुमालात बांधून त्या बोईसरला गेल्या. दुकानदाराने पुढे केलेला प्रत्येक स्पिंडल त्यांनी पापलेट पारखावं तसा उलटापालटा करून पाहिला, आटे जुळवले आणि गरम-गार दोन्हींचे नवे घेऊन आल्या.

बसवून झाले तोवर भगवंत सालवडला भाच्याच्या साखरपुड्याला निघाले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. वहिनींनी त्यांना टबात वाकून नळावर नजर ठेवायला सांगितलं आणि स्वतः पाणी सोडायला वर गेल्या. खाली दोन्ही मुठी उघड्याच राहिल्या होत्या आणि पाणी टबात की वरच्या शॉवरला ते ठरवणारी मधली मूठ शॉवरकडे वळलेली होती.

"गळतोय का?" त्यांनी वरून विचारलं.

खालून भगवंतांचा शांत आवाज आला, "गळत नाय. धो धो येतोय."

मुठी बंद केल्यावर नळाच्या तोंडाशी एक थेंबही दिसेना. भगवंत चौकड्यांचा शर्ट घालून साखरपुड्याला गेले आणि नळ आपण कसा दुरुस्त केला ते तिथे सगळ्यांना सांगून आले.

त्यानंतर विनोद उगवला. पिशवी उघडली, नळ चार वेळा सोडून-बंद करून पाहिला आणि तोंड पाडून बसला. "काकू, गळतच नाय तर मला बोलावलात कशाला?" वहिनींनी त्याला चहा दिला.

खोली रिकामी होती, म्हणून त्या दुपारी वहिनींनी टब कोमट पाण्याने भरला आणि पहिल्यांदाच त्यात जाऊन बसल्या. बरं वाटलं. पण नुसतं बसून करायचं काय, ते काही त्यांना कळेना. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारून भगवंतांकडून गोधडी मागवली आणि बसल्या बसल्या धुऊन काढली.