बोर्निओला निघालेली जीप

खांदा कॉलनीतले आमचे शेजारी बोर्निओच्या जंगलात जीप घालणार आहेत. कधीपासून नुसती तयारी चालू आहे. "अडकलेल्याला बाहेर काढणं हाच जंगलातला धर्म," हे लिफ्टमध्येसुद्धा ऐकवतात. रुतलेली गाडी ओढायला बंपरवर विंच बसवलाय. त्याला दसऱ्याचं हळदकुंकू, झेंडूचा हार, वर लिंबू-मिरची.

परवा गेटसमोरच्या चिखलात रिक्षा रुतली. आत कळा सुरू झालेली बाई. मी धावत त्यांना बोलवायला गेलो.

"अहो, विंचचा दोर अजून कोरा आहे. बोर्निओसाठी ठेवलाय," म्हणाले, आणि कसं ढकलायचं ते बाल्कनीतून शिकवू लागले.

आम्ही ढकलून रिक्षा काढली. रिक्षावाल्याने जाता जाता, रस्त्यावरच्या देवळाला करतात तसा, त्या जीपला नमस्कार केला.