अक्कम्मा मजेत हाय

आमच्या बसवकल्याणच्या गल्लीत अक्कम्माला कुणीही, कधीही विचारावं, "कसं काय?" उत्तर ठरलेलं. "मजेत हाय की." तिचा नवरा महादेवप्पा ट्रकवर ड्रायव्हर होता. तो वारला त्या आठवड्यातसुद्धा ती मजेतच होती.

ज्वारीच्या कडक भाकरी करून, पुडे बांधून ती विकते. भाकरी पार सोलापूरपर्यंत जातात, ती स्वतः महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यापर्यंत जाते. महादेवप्पा जाताना तिला एचआयव्ही देऊन गेला. हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण गल्ली सभ्य आहे. आम्ही तिच्या आजाराला शुगर म्हणतो. खरी शुगर असलेल्यांना, घोटाळा नको म्हणून, डायबिटीस म्हणतो. अक्कम्मा लग्नात दोन दोन जिलब्या खाते आणि कुणी अडवत नाही, इतकी तिची शुगर आम्ही समजून घेतली आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या भाकरी जाडबारीक व्हायला लागल्या. मग करपायला लागल्या. मग तवाच चढेना. मी विचारलं, "कामून गं?"

"काही न्हाई अक्का. मजेत हाय."

गल्लीने मात्र याचा फार चांगला अर्थ लावला. अक्कम्मा पानात अर्धी भाकरी ठेवते, म्हणजे जिभेवर ताबा आला. रात्रभर टक्क जागी असते, म्हणजे नामस्मरण चालतं. कुणाशी बोलत नाही, म्हणजे मौन धरलंय. मठातल्या प्रवचनात तर तिचं उदाहरण निघालं. ना राग, ना लोभ, ना कशाची आस, संसारात राहून वैराग्य बघायचं तर अक्कम्माकडं बघा. मीही मान हलवली. माणूस खचत चाललंय की देवाकडं चाललंय, हे लांबून एकसारखंच दिसतं, आणि आम्ही लांबूनच बघत होतो.

तेवढ्यात गल्लीत पाहणी आली. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेचं संशोधन होतं. लोकांच्या मनाला उदासी किती आहे ते मोजायचं, आणि ज्यांना फार आहे त्यांना औषध आणि सल्ला फुकट द्यायचा. दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या पेशंटांची त्यात खास नोंद होती, पण कुणाला वास लागू नये म्हणून घरोघरी सगळ्याच बायकांना विचारत होते. विचारणारी पोरगी राजश्री, आळंदची, हुशार आणि मऊ बोलणारी. नऊ प्रश्न, प्रत्येकाला तीनपर्यंत मार्क. बेरीज दहाच्या वर गेली की उपचार सुरू.

शहरातल्या साहेबांचा नियम असा, की प्रश्न माणसाच्या स्वतःच्या घरात, एकांतात विचारायचे. घरात माणूस मोकळं बोलतं म्हणे. अक्कम्माच्या घरातल्या एकांतात त्या दिवशी तिची सासू होती, मी होते आणि राजश्री होती. बायका दिवसभर कामात, म्हणून वेळ मिळाली ती दिवेलागणीची. देव्हाऱ्यात समई लागली होती.

"कशातच मन लागत नाही, असं होतंय का?"

"अजिबात न्हाई."

"झोप?"

"चांगली लागतीय."

"आपण वाया गेलो, असं काही मनात?"

"छे गं बाई."

नववा प्रश्न राजश्रीने अर्धाच विचारला. "मेलेलं बरं, असं..."

"दिवा लागलाय, पोरी," सासू म्हणाली. अक्कम्माने झटकन गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि म्हणाली, "न्हाई न्हाई, मजेत हाय." बेरीज शून्य.

माझीही शून्य. सगळ्या गल्लीची शून्य. यात नवल नव्हतं. आपल्या घरात वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे पाळण्यात असल्यापासून कानावर असतं. तिन्हीसांजेला तर ती कान टवकारूनच बसलेली असते. बसवण्णांनी शकुन-मुहूर्त काही मानू नका म्हणून सांगितलंय. आम्ही बसवण्णांना मानतो आणि वास्तूलाही मानतो, फक्त दोघांना एकमेकांचं कळू देत नाही.

राजश्रीच्या वरचे साहेब प्रशांतकुमार इतकी शून्यं बघून हरखले. श्रद्धेने मन कसं घट्ट राहतं, यावर ते लेख लिहायला बसले म्हणे. नगरसेवक आप्पारावांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी स्वतःच्या फोटोसकट बोर्ड लावला: 'तणावमुक्त गल्ली'.

बोर्ड लागला त्याच आठवड्यात मी अक्कम्माकडं ज्वारी उसनी आणायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. "कोठीतून घे," म्हणाली. कोठीत हात घातला तर दाण्यांत दवाखान्याच्या गोळ्यांच्या बाटल्या. झाकणाचं सील तसंच. त्या गोळ्यांवर ती जगते, हे मला माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "काही न्हाई अक्का," आणि पुढचं 'मजेत' तिला म्हणवलं नाही.

मी राजश्रीला फोन केला. गोळ्यांचं सांगितलं. तिने लगेच साहेबांना विचारलं, हिला उपचार सुरू करू का. साहेब म्हणाले, "शून्याला कसला उपचार? आणि एकदा विचारलेलं परत विचारता येत नाही. सगळा डेटा बिघडतो."

"काकू, मला खरं सांगा," राजश्री मला म्हणाली, "ती खोटं कामून बोलली?"

"खोटं न्हाई पोरी. घरात बोलली."

तिला आधी कळेना. मग तथास्तुचं सांगितलं, तर कपाळाला हात लावून म्हणाली, "आम्ही बौद्ध. आमच्यात वास्तू-बिस्तू मानत न्हाईत. तरी माझी आई घरात तेल संपलं म्हणत न्हाई, तेल वाढलं म्हणती. मला कळायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी मी अक्कम्माला भाकरीचे पुडे गाडीत टाकायचे म्हणून बसस्टँडवर नेलं. पुडे होते दोनच. राजश्री बाकावर बसली होती. उमरग्याची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता, कुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. साहेबांना पाहिजे होता तो एकांत हा.

अक्कम्माने आजूबाजूला बघितलं. "हितं बोललं तर चालतंय? हे कुणाचं घर न्हाई न्हवं?"

"सरकारचं हाय," राजश्री म्हणाली.

"मग होऊ दे सरकारचं वाईट. विचार."

मन लागतंय का? न्हाई, रोजच न्हाई. झोप? न्हाई. भूक? न्हाई. राजश्रीचं बोट टॅबवर चालत राहिलं. नवव्या प्रश्नाला अक्कम्मा म्हणाली, "ती गाडी जाऊ दे." गाडी गेली. मग भाकरीचा भाव सांगावा तशी सांगायला लागली, "वाटतंय. जीव द्यायचा म्हणजे पाप. गोळ्या न्हाई खाल्ल्या तर आपोआप होतंय, कुणाला दोष न्हाई. म्हणून बंद केल्या."

राजश्रीने टॅब बाजूला ठेवला आणि तिचा हात धरला. तिथूनच रिक्षा करून आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हाही आजारच आहे, याला औषध आहे, आधीच्या गोळ्याही आजपासून परत सुरू करायच्या, आणि हिला एकटीला ठेवू नका. मी तिला माझ्याकडं झोपायला आणलं. सासूला सांगितलं, शुगर वाढलीय.

अडचण प्रशांतकुमार साहेबांची झाली. त्यांच्या टॅबमध्ये जागा दोनच, घर आणि दवाखाना. बसस्टँड भरता येईना. शून्याचे अठरा कसे झाले, हेही शहराला कळवायचं होतं. राजश्री म्हणाली, "सर, जागेचं मागून बघू. ती आधी जगू दे." साहेब चांगले आहेत तसे, बरं म्हणाले.

आता राजश्री दर गुरुवारी बसस्टँडवर येते आणि अक्कम्मा तिच्याशी बोलते. गोळ्यांना गुण यायला वेळ लागला. अजून भाकरी जाडबारीकच होतात, पण तवा चढतो. तिला बघून गल्लीतल्या एकेका बाईला गुरुवारी उमरग्याच्या गाडीचं काम निघायला लागलंय. तणावमुक्त गल्लीत एकदम उदासीची साथ कशी आली म्हणून साहेब परवा नळाचं पाणी तपासा म्हणत होते.

गेल्या गुरुवारी कंडक्टरने विचारलं, "अक्का, दर आठवड्याला येतायसा, गाडीत तर बसत न्हाई. जायचंय तरी कुठं?"

"कुठं न्हाई रे," अक्कम्मा म्हणाली. "आज लई वाईट वाटायलंय, ते सांगायला आलेय."