ग्रीसची अर्धी नोट

आष्टीच्या शाळेत मी इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचं जोडपं युरोपच्या सहलीला गेलं होतं. अथेन्समध्ये एका फेरीवाल्यानं त्यांना सुट्टे म्हणून द्राख्माची एक जुनी नोट दिली. ग्रीसनं द्राख्मा सोडून युरो घेतल्याला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. आपण फसलो हे त्यांना घरी आल्यावर कळलं, आणि ती नोट त्यांनी मोठ्या मनानं मला भेट दिली. काही कामाची नसलेली वस्तू इतिहासाच्या शिक्षकाला द्यावी, अशी आमच्याकडे रीतच आहे. गंजलेलं कुलूप, उर्दूतला खरेदीखताचा कागद, कुणाच्या आजोबांची मोडकी दुर्बीण हे सगळं माझ्याकडे असंच आलं.

ही नोट मात्र मला सोडेना. तिच्याबद्दल वाचता वाचता मी दुसरी घेतली, मग तिसरी, आणि दोन वर्षांत एक अल्बम भरला. स्टाफरूममध्ये माझी कीव केली जायची. सोनं घ्या मॅडम, असा सल्ला मिळायचा. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या त्या दिवसांत तेवढा माझा मान वाढला. आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन, बाद नोटा मी काय भावानं घेते, अशी हळूच चौकशी केली. मी फक्त ग्रीसच्या घेते म्हटल्यावर ते नाराज झाले.

मला हवी होती ती एक अर्धी नोट. १९२२ साली ग्रीसच्या सरकारकडे युद्धासाठी पैसे उरले नव्हते. तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकानं आपल्या जवळची नोट मधोमध कापावी. डावा तुकडा अर्ध्या किमतीत बाजारात चालेल. उजवा सरकारला द्यायचा आणि त्याबदल्यात कर्जरोखा घ्यायचा. सगळ्या देशानं कात्री हातात घेतली. त्यातला एक डावा तुकडा मला नागपूरच्या एका विक्रेत्याकडे मिळाला. किंमत मी घरात अर्धीच सांगितली. अर्ध्या नोटेची अर्धी किंमत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

राखीला माझा धाकटा भाऊ आला. त्याचं कारंज्याला हायवेवर किराणा दुकान आहे. फाटकी नोट गिऱ्हाइकाच्या हातातच ओळखणारा माणूस. त्यानं तो तुकडा उजेडात धरला, उलटा केला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला कुणी नकली तूप विकलं आहे. मी त्याला कर्जरोख्याची सगळी हकीकत सांगू लागले, पण फसलेलं माणूस अशाच लांब हकिकती सांगतं हे त्याला दुकानदारीनं शिकवलं होतं. दर आठवड्याला माल आणायला तो नागपूरला जायचा, म्हणून मीच त्याला म्हटलं, की ही नोट घेऊन जा आणि त्या विक्रेत्याकडून खरेपणाचा दाखला घेऊन ये. चूक माझीच.

दाखला काही आला नाही. विचारलं की तो म्हणायचा, काम चालू आहे.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि त्यानं तबकात एक पाकीट ठेवलं. आत नोट होती. पूर्ण. विक्रेत्याशी दोन तास भांडून, तिप्पट पैसे मोजून, त्यानं उरलेला उजवा तुकडा मिळवला होता आणि दोन्ही तुकडे टेपनं चिकटवून आणले होते. उजवा तुकडा दुसऱ्याच, लहान नोटेचा होता. दोन्हींची उंची जमेना, म्हणून त्यानं डाव्या तुकड्याची वरची कड कात्रीनं सरळ करून घेतली होती.

"आता दिसते का नोटेसारखी?" तो म्हणाला.

निरांजन हातात होतं म्हणून मला बोलता आलं नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याचा चेहरा एवढा खुलला होता, की मी छान आहे म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटल्या. त्या दिवशी लागल्या त्याच्या दुप्पट लाटल्या.

हिवाळ्यात वर्ध्याला संग्राहकांचं एक छोटं प्रदर्शन होतं. भाऊ मला त्याच्या गाडीतून घेऊन गेला, तेव्हा ती नोट मांडणं भागच होतं. मी ती शेवटच्या कोपऱ्यात, कमी उजेडात ठेवली. पण एक ज्येष्ठ जाणकार भिंग घेऊन नेमके तिथंच थबकले. पाच मिनिटं पाहून त्यांनी जमलेल्या लोकांना जवळ बोलावलं. हा असामान्य नमुना आहे, म्हणाले. सरकारचं फर्मान झुगारून एखाद्या स्वाभिमानी ग्रीक नागरिकानं दोन तुकडे पुन्हा जोडले आणि मूक निषेध नोंदवला. दोन्ही नोटा वेगळ्या असण्यातही त्यांना अर्थ दिसला: श्रीमंत आणि गरीब यांची एकजूट. एक पत्रकार लिहून घेऊ लागला.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण ते एवढं सुंदर बोलत होते, की माझ्या शाळेतल्या तासांपेक्षा हाच इतिहास बरा वाटला.

"म्या चिकटवली ना ते," भाऊ मागून म्हणाला. "आमच्या दुकानातलीच टेप हाये."

कुणी हसलं नाही. जाणकारांनी भिंग पुसलं, पुन्हा वाकून पाहिलं, आणि टेप अलीकडची असली तरी जोडण्यामागची भावना जुनीच असावी, असं मत देऊन ते पुढच्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात स्वाभिमानी ग्रीक नागरिक होता, भाऊ नव्हता.

परत येताना तळेगावच्या ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो. त्यानं कपातला चहा बशीत ओतला.

"ताई, जोडाले नोको होती का मी?"

"नको होती."

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

मी म्हटलं, तू एवढ्या हौसेनं आणली होतीस. त्यानं मान हलवली, आणखी एक प्लेट भजी मागवली, आणि पहिल्यांदाच मला त्या कात्रीच्या फर्मानाबद्दल नीट विचारलं. मी सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. लोकांसमोर कात्री लावणारं सरकार त्याला बरंच सरळ वाटलं; निदान काय गेलं ते माणसाला दिसत होतं, म्हणाला.

मग मी महायुद्धातल्या महागाईचंही सांगितलं. ग्रीसनं शंभर अब्ज द्राख्मांची नोट छापली, आणि काही दिवसांतच सरकारनं नवं चलन आणून तिची किंमत दोन नव्या द्राख्मा ठरवली. भाऊ भजी हातात धरून थांबला.

"मंग सकाळी दुकान उघडल्यावर तिथल्या दुकानदारानं भाव लिहिला कसा असन? खडूनं?"

हे मला माहीत नव्हतं. शोधून सांगते म्हटलं. घरी जाऊन माझ्याकडची सगळी पुस्तकं चाळली. त्यात मंत्री होते, सेनापती होते, करार होते. किराणा दुकानदार एकाही पुस्तकात नव्हता. मी अजून शोधतेच आहे.